‘सद्’ वगळून वाचावे

शुद्धिपत्र मला आयुष्यात एकदाच मागावे लागले, आणि तेही भलत्याच जागी छापून आले. एरवी बावीस वर्षांच्या बातमीदारीत माझी एखादी तारीख, एखादा आकडा किंवा कुणाचे नाव चुकले असे कोणी दाखवून दिलेले नाही. ही बढाई नव्हे. पुढे जे घडले त्याबद्दल आमचा सगळा ले-आऊट मला दोषी धरतो, म्हणून हे आधीच नोंदवून ठेवतो.

आमचा नवजीवन ले-आऊट वर्ध्याहून पवनारकडे जाताना डाव्या हाताला लागतो. घरे चौतीस, विहीर एक, आणि नकाशात हिरव्या रंगाने दाखवलेली एक मोकळी जागा. तिला सगळे ओपन स्पेस म्हणतात. नकाशातला हिरवा रंग जमिनीवर कधी उतरलाच नाही असे म्हणता येणार नाही, कारण गाजरगवतही हिरवेच असते. किराणा दुकानदार मोतीलाल यांचे तेलाचे रिकामे पिपे तिथे राहत. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेले सदाशिवराव यांना तिथे म्हाताऱ्या माणसांना बसायला शेड हवे होते. शेड त्यांना मिळाले, पण त्याला अजून अवकाश आहे.

ऑगस्ट १९९८च्या पहिल्या आठवड्यात समोरच्या घरातले प्रभाकरराव सकाळी माझ्याकडे आले. त्यांनी बत्तीस वर्षे सातवीला विज्ञान शिकवले होते, त्यामुळे अर्धा तालुका त्यांना सर म्हणत असे. नंदिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, चहा दिला. सरांनी कप उचलला आणि बशी वाजायला लागली.

"कपाकडं नका पाहू भाऊ, हाताकडं पाहा," सर म्हणाले. "आंदोलित गती. मी मोजून पाह्यली. सेकंदाले पाच. बत्तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवली, आता फुकट भेटली."

त्यांना कंपवात झाला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, आणि ते सरांनी मलाही तितक्याच स्पष्टपणे सांगितले: हात हलत राहतील, पाय थांबतील. दोन वर्षं, फार तर तीन.

"तेवढ्यात एक काम करून टाकायचं आहे," ते म्हणाले. "आमच्या शाळेत विज्ञानाचं साहित्य म्हणजे खडू. गतीचे प्रकार शिकवायचे तं मी फळ्यावर झोका काढो, भोवरा काढो, माशी काढो. माशी काढली की पोट्टे हसत. बत्तीस वर्षांत एकाही पोट्ट्याले गतीवर बसवून गती शिकवता नाई आली. आपल्या ओपन स्पेसमध्ये एक झोका, एक चक्री आन एक घसरगुंडी लावू. झोक्यावर बसलं की आंदोलित, चक्रीवर वर्तुळाकार, घसरगुंडीवर रेषीय. प्रत्येकापाशी पाटी. गती उद्यान."

"आणि माशीची?" मी विचारले.

"यादृच्छिक. तिले साहित्य लागत नाई. पोट्टे सोडले की आपोआप होते."

पाय थांबायच्या आत त्या झोक्यावर स्वतः एकदा बसायचे आणि मुलांना बसवून एकदा तो धडा शिकवायचा, एवढीच त्यांची मागणी होती. मी बातमी लिहिली. अकरा ओळी. मथळा: ‘नवजीवन ले-आऊटमध्ये होणार गती उद्यान’. बसस्थानकाजवळच्या एसटीडी बूथवरून नागपूरला फॅक्स केली, पोचल्याची पावती घेतली, आणि घरी येऊन स्वस्थ झोपलो. यात माझे काय चुकले ते मला आजही कळलेले नाही.

दुसऱ्या दिवशी अंकात छापून आले: ‘नवजीवन ले-आऊटमध्ये होणार सद्गती उद्यान’.

एवढ्यावर थांबले असते तर छपाईची चूक म्हणता आली असती. पण डेस्कवरच्या माणसाने मेहनत घेतली होती. मथळ्याशी जुळावे म्हणून त्याने आतला मजकूरही दुरुस्त केला होता. ‘या उद्यानात सद्गतीचे विविध प्रकार नागरिकांना प्रत्यक्ष अनुभवता येतील. लहान मुलांची विशेष सोय करण्यात येणार असल्याचे प्रभाकरराव यांनी सांगितले.’

मी नागपूरला फोन लावला.

"गती उद्यान असं काही नसतं हो," डेस्कवरचा माणूस म्हणाला. "शब्द अर्धवट वाटला. त्यात तुमचा फॅक्स पुसट. पुढचा ‘सद्’ उडाला असेल म्हणून मी लावून दिला. उलट बातमीला वजन आलं."

मी त्याला गतीचे प्रकार समजावून सांगितले. एसटीडीचे मीटर चालू होते, त्यामुळे यादृच्छिक गती थोडक्यात उरकली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि शुद्धिपत्र देण्याचे कबूल केले.

शुद्धिपत्र तिसऱ्या दिवशी आले. सहाव्या पानावर, निधनवार्तांच्या रकान्यात. त्या दिवशी दुसरीकडे जागा नव्हती, असे मला नंतर कळवण्यात आले. रकान्याच्या रिवाजाप्रमाणे वर ठळक अक्षरांत ‘प्रभाकरराव (वर्धा)’ आणि खाली: ‘यांच्या सद्गतीविषयीच्या वृत्तात ‘सद्’ हे अक्षर अनवधानाने आले. ते वगळून वाचावे.’ वर पाच मृत, खाली सहा.

निधनवार्ता कोणी खालपर्यंत वाचत नाही. नाव वाचून लोक चपला घालतात. सकाळी नऊपर्यंत सरांच्या दारात सतरा माणसे जमली होती. सेवाग्रामहून आलेल्या एका माजी विद्यार्थ्याच्या हातात हार होता. दार सरांनीच उघडले. तो हार मग कुणाच्या गळ्यात पडला ते मी पाहिले नाही, कारण त्या वेळी मी खिडकीचा पडदा लावून आत बसलो होतो. अन्नपूर्णाबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, सतरा जणांचा चहा केला.

दुपारी मी क्षमा मागायला गेलो तेव्हा सर खुशीत होते. "हजेरी चांगली होती," म्हणाले. अन्नपूर्णाबाई भांडी घासत होत्या. त्यांनी वर न पाहता सांगितले, "मेल्यावर येनार होते ते आताच येऊन गेले. पुढच्या खेपेले मी च्या नाई ठेवनार, सांगून ठेवजो समद्याले."

त्या दिवसापासून ले-आऊटमध्ये माझे नाव सद्गतीवाले पडले. दूधवालासुद्धा "सद्गतीवाल्या भाऊच्या घरी अर्धा लिटर" असे म्हणू लागला. मी त्याला समज दिली. तो म्हणाला, "पेपरात आलतं नं भाऊ."

सरांचा उत्साह मात्र कमी झाला नाही. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत त्यांनी अर्ज ठेवला. आमचा ले-आऊट ज्या ग्रामपंचायतीत येतो तिचे नाव इथे देण्याचे कारण नाही. सरपंच मनकर्णाबाई यांचे धोरण कुणालाही नाही म्हणायचे नाही असे होते, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला. ग्रामसेवक प्रफुल याच्याकडे तीन गावे होती. तो आमच्याकडे दर मंगळवारी येई. "नियतकालिक गती," सर माझ्या कानात म्हणाले.

प्रफुल सरांचाच विद्यार्थी. मनाने चांगला. त्यानेच अडचण सांगितली. "सर, उद्यानाचं लेखाशीर्षच नाई आपल्याकडं. बगीचा नगरपरिषदेले भेटते. खेड्यात झाडं असतेच, असं सरकार धरून चालते. तुम्ही काळजी नका करू. मी पाठवून देतो, कशात बसंन त्यात बसवतीन वरते."

लेखाशीर्ष म्हणजे सरकारी खर्चाचा कप्पा. ज्या गोष्टीला कप्पा नाही ती गोष्ट सरकारच्या दृष्टीने जन्मालाच आलेली नसते.

"कात्रण जोडा लागते," प्रफुल म्हणाला. "पेपरात आलेलं असलं तं लवकर होते."

मी कात्रण द्यायला तयार नव्हतो. पण सर म्हणाले द्या, आणि सोबत शुद्धिपत्रही द्या, म्हणजे घोटाळा नको. हा सल्ला शास्त्रीय होता. मी सहाव्या पानाचा तो रकाना नीट कापून दिला. सरांचे नाव मधोमध यावे म्हणून वरची आणि खालची नावेही तशीच राहू दिली. आता विचार केल्यावर वरच्या टेबलावरच्या माणसाला दोष देववत नाही. त्याच्यासमोर एक सद्गती उद्यान आले, आणि गरजेचा पुरावा म्हणून अकरा मृतांची यादी.

पुढचे पाच महिने सरांनी फाईलची गती नोंदवली. त्यासाठी शंभर पानी वही घेतली होती. ग्रामपंचायतीतून फाईल वर गेली तेव्हा त्यांनी ‘रेषीय’ लिहिले. दोन टेबलांमध्ये ती सहा वेळा गेली-आली तेव्हा ‘आंदोलित’. मग दीड महिना ती कुठे आहे हे कुणालाच सांगता येईना. सरांनी त्या पानावर माशी काढली. या काळात त्यांचा डावा पाय फरफटायला लागला. ओपन स्पेसपासून घरापर्यंत यायला त्यांना पूर्वी चाळीस पावले लागत. आता एकशे दहा लागत होती. तीही त्यांनी वहीत लिहिली होती, शेवटच्या पानापासून उलटी.

सदाशिवराव या काळात रोज सल्ला देत. त्यांचा सल्ला पाटबंधाऱ्याच्या पद्धतीचा होता. आधी सर्वेक्षण, मग आराखडा, मग पुन्हा सर्वेक्षण. "सर, तुमच्या झोक्याचा भार किती? जमीन काळी आहे, दर पावसाळ्यात फुगते. सहा फूट पाया नाई खोदला तं झोका दोन वर्षांत कलंन." सर म्हणाले, "दोन वर्षं पुरेत." सदाशिवरावांना ते समजले नाही, किंवा समजले असावे, कारण त्या दिवशी ते लवकर घरी गेले.

१९ जानेवारी १९९९, मंगळवार. प्रफुल मोटारसायकल न थांबवताच ओरडत आला. "अभिनंदन सर! पहिल्या झटक्यात मंजूर!"

सरांचा हात थरथरत असल्यामुळे पत्र मी वाचले. ‘सद्गती उद्यान, नवजीवन ले-आऊट. दहन शेड: एक. काम ३१ मार्चपूर्वी पूर्ण करावे.’

मी ते दोनदा वाचले. दुसऱ्यांदाही तेच होते.

"शेड मंजूर झालं का?" सदाशिवरावांनी कुंपणापलीकडून विचारले. "मी म्हणलं नवतं?"

संध्याकाळपर्यंत ले-आऊट पेटला. अशा प्रसंगी हा शब्द वापरायला नको होता, पण दुसरा सुचत नाही. ओपन स्पेसमध्ये सभा भरली. चौतीस घरांतून चाळीस माणसे आली, आणि सगळी माझ्याकडे पाहत होती.

"घरासमोर मसनवटा?" सदाशिवराव म्हणाले. "म्हाताऱ्या मानसाईले बसाले शेड मागितलं होतं मी. बसाले! झोपाले नाई!"

मोतीलाल यांचे दुकान जागेच्या अगदी समोर. ते शांत होते, म्हणजे फार चिडले होते. "देखो भाऊ, मी धंदेवाला मानूस. गिऱ्हाईक माह्याकडून तूप घेईन, कापूर घेईन आन रस्ता पार करून तिकडं जाईन. धंदा बढिया होईन. पन माहे लेकरं गल्ल्यावर बसून दिवसभर काय पाह्यतीन, सांगा."

"हे समदं पेपरवाल्यानं केलं," मागून कोणी तरी बोलले.

मी उभा राहिलो. तारखांसह सगळा घटनाक्रम सांगितला. फॅक्सची पावती दाखवली. पावतीचा गुळगुळीत कागद मात्र उन्हाने पांढरा पडला होता, त्यावर काहीच दिसत नव्हते. लोकांनी तो हातोहात फिरवून पाहिला आणि परत दिला. माझ्या बाजूचा एकमेव पुरावा कोरा निघाला, हे मला आजवर सहन झालेले नाही.

सर एका पिप्यावर बसून होते. त्यांना कोणी काही बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते. जाताना त्यांनी मला एवढेच विचारले, "भाऊ, रद्द करून पुन्हा अर्ज केला तं किती दिवस लागतीन?" मी म्हणालो, वर्षभर. ते पिप्यावरून उठायला लागले, आणि उठायला बराच वेळ लागला.

रद्द करण्यासाठी मी एकवीस दिवस फिरलो. ग्रामपंचायत म्हणाली, मंजुरी वरची, आम्ही कशी रद्द करणार. वरचे म्हणाले, मागणी खालची, आम्ही कशी रद्द करणार. तिसऱ्या कार्यालयात कळले की काम देऊन झाले आहे, त्यामुळे आता आधी शेड बांधावे लागेल, मग पाडण्याचा स्वतंत्र प्रस्ताव देता येईल. दहन शेड पाडण्याचे लेखाशीर्ष मात्र नाही. मी पुन्हा पहिल्या कार्यालयात आलो तेव्हा तिथला शिपाई मला ओळखून उठून उभा राहिला. वर्तुळ पूर्ण झाले होते.

२९ मार्चला शेड उभे झाले. चार लोखंडी खांब, वर आडवा जाड लोखंडी चॅनल, त्यावर पत्रे. काम चांगले होते, हे सदाशिवरावांनीही खांबांना हातोडीने ठोकून मान्य केले. खाली दहनाचा ओटा व्हायचा होता तो दुसऱ्या टप्प्यात. त्याआधीच १२ एप्रिलला पत्र आले. ‘सदर जागा निवासी असल्याने तेथे दहनास मनाई करण्यात येत आहे. तथापि शासकीय मालमत्ता म्हणून शेडचे जतन करावे.’

अशा रीतीने आमच्या ले-आऊटला जिथे दहन करता येणार नाही असे दहन शेड मिळाले. त्याच्याकडे कोणी पाहत नसे. मोतीलाल यांनी दुकानाचे तोंड बाजूला वळवून घेतले. बायका पाण्याला जाताना जागेला वळसा घालू लागल्या. मुलांना तर सक्त ताकीद होती.

सर मात्र शेडाखाली जाऊन उभे राहिले. काठी टेकवून, मान वर करून, बराच वेळ.

"भाऊ," त्यांनी मला हाक मारली. "हा वरचा चॅनल पाहा. चार क्विंटल सहज झेलंन."

घरातल्या पाटाच्या झोक्याला आमच्याकडे बंगई म्हणतात. अन्नपूर्णाबाईंची बंगई त्यांच्या लग्नातली होती. सागवानी, दोन माणसे बसतील अशी, पितळी कड्यांची. त्या दुपारी त्यावर बसून भाजी निवडत. सरांनी ती मागितली तेव्हा काय झाले ते मी ऐकले, कारण त्यांच्या आणि आमच्या घरांत फक्त बारा फुटांचा रस्ता आहे.

"माही बंगई मसनात टांगता?"

"मसन नाई तो. लिहून दिलं आहे सरकारनं."

"सरकारनं तं तुमाले मेलेलंबी लिहून देल्लं होतं."

"ते सरकारनं नाई, पेपरनं," सर म्हणाले.

मग कड्या काढल्याचा आवाज आला.

साखळी साडेसात फुटांची ठेवली. सदाशिवरावांनी बोलायचे नाही असे ठरवले होते, पण नट उलटा बसवलेला पाहून त्यांना राहवले नाही. त्यांनी तो सरळ करून दिला आणि पुन्हा न बोलता निघून गेले. सरांनी पुठ्ठ्याची पाटी लावली: ‘आंदोलित गती’. अक्षरे थरथरलेली होती, त्यामुळे विषय आपोआप स्पष्ट होत होता.

दुसऱ्या दिवसापासून सर रोज पाच वाजता झोक्यावर जाऊन बसू लागले. कोणी आले नाही. मे महिनाभर कोणी आले नाही. मुले आपापल्या फाटकाला लटकून लांबून पाहत. पाय नीट रेटता येत नसल्यामुळे सरांचा झोका फार हलायचा नाही. ते वही उघडून बसत, घड्याळ पाहत आणि सहा वाजता घरी जात. अन्नपूर्णाबाई त्यांना न्यायला येत.

"आपल्या आचलले काऊन नाई जाऊ देत?" एके दिवशी नंदिनीने विचारले. आमची आचल त्या वर्षी सातवीत जाणार होती.

"अभ्यास आहे तिला," मी म्हणालो.

"मे महिन्यात?" नंदिनी म्हणाली. "लोकं काय म्हनतीन याचा अभ्यास तुमचाच चालू आहे. बातमी देल्ली तुम्ही, टिंगल झाली त्यायची, आन पडदा लावून बसता तुम्ही."

मी चपला घातल्या.

ओपन स्पेस ओलांडायला साठ पावले लागतात. चौतीस घरांतून आपल्याला कोणी पाहत असेल तर ती साठ पावले फार लांब असतात. सरांनी मला येताना पाहिले आणि सरकून जागा दिली.

"बसा. दोन्ही पाय उचला."

"सर, लोक पाहताहेत."

"पाहू द्या. निरीक्षण हाच प्रयोगाचा पहिला भाग."

मी तेव्हा चाळीस वर्षांचा होतो, वजन अठ्ठ्याहत्तर किलो, आणि जिल्ह्यात मला थोडाफार मान होता. तो सगळा घेऊन मी झोक्यावर बसलो, पायाने रेटा दिला आणि पाय उचलले. पितळी कड्या कुरकुरल्या. सरांनी घड्याळाचा हात दुसऱ्या हाताने घट्ट धरला आणि मोजायला लागले. दहा झोके. तीस सेकंद.

"आता पोरीले बोलवा," ते म्हणाले.

आचल बोलवायच्या आधीच अर्ध्या वाटेवर आली होती. ती एकटी बसली. दहा झोके. तीस सेकंद.

"कसं काय, सर?" तिने विचारले. "बाबा तं एवढे जड आहेत."

या प्रश्नासाठी त्यांनी बत्तीस वर्षे आणि वर नऊ महिने वाट पाहिली होती. "हेच," ते म्हणाले. "वजनाचा संबंधच नाई बेटा. जाडा बसो का बारीक बसो, दोघं बसो का एकटा बसो. साखळी तीच, तं आवर्तकाल तोच." आणि पुढचा पाऊण तास ते थांबले नाहीत.

जूनपर्यंत सगळी मुले येऊ लागली. खांबांभोवती पळणे म्हणजे वर्तुळाकार, हे ठरले. शाळा सुटल्यावर जे व्हायचे त्याला माशी म्हणायचे, हेही ठरले. घसरगुंडी मात्र कधीच आली नाही. "रेषीय गतीचं उदाहरणच नाई आपल्या ले-आऊटमध्ये," सर खंत करत. "एक रस्ता सरळ नाई. कोनाचा ओटा पुढं, कोनाची स्कूटर आडवी, मोतीलालचे पिपे."

पाय डॉक्टरांनी सांगितल्या वेळेलाच थांबले. शेवटचे चार महिने मुले खिडकीशी येऊन त्यांना झोक्यांचे आकडे सांगून जात. नोव्हेंबर २००१मध्ये सर गेले. बातमी मी स्वतः लिहिली, पाच ओळी, आणि तीनदा वाचून पाठवली. ती बरोबर छापून आली. या खेपेला आलेल्या माणसांची संख्या मी मोजली नाही. चहा नव्हता.

अंत्ययात्रेच्या दिवशी सकाळी उठून मोतीलाल यांनी आपले पिपे रस्त्यावरून उचलले. सदाशिवरावांनी स्कूटर आत घेतली. कोणी कुणाला सांगितले नव्हते. आमचा रस्ता सरांच्या फाटकापासून मुख्य सडकेपर्यंत एका रेषेत आहे, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसले. जुना घाट सव्वादोन किलोमीटरवर आहे. तिथे आम्ही त्यांना नेले.

एप्रिल २००२मधला एक मंगळवार. पाच वाजले होते. प्रफुल शेडापाशी आला, हातात टाईप केलेला फॉर्म, तीन प्रती. मुले तेवढ्यात उठून गेली होती, आणि झोक्यावर अन्नपूर्णाबाई एका बाजूला बसल्या होत्या. दुसरी बाजू रिकामी होती.

"भाऊ, अडचण झाली," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "तीन वर्षं झाले, या शेडाचा वापर शून्य. वरून खुलासा मागितला आहे. दहनाले मनाई केली ते टेबल वेगळं, वापर विचारते ते टेबल वेगळं." मग त्याने आवाज आणखी खाली आणला. "सरांचं नाव टाकलं तं... एक तरी भरंन. सर नाई म्हनाले नसते."

"नाही," मी म्हणालो. "दहन इथे झालेलं नाही. खोटी नोंद होईल ती."

"काय कुजबुजून राह्यले रे?" अन्नपूर्णाबाईंनी विचारले. "कागद वाच बरं, मोठ्यानं. वरून."

प्रफुलने वाचले. "योजनेचे नाव: सद्गती उद्यान. लाभार्थ्याचे नाव. वापराचा प्रकार."

त्यांनी थोडा वेळ पाय जमिनीवर टेकवून ठेवला.

"त्यातला सद् खोड," त्या म्हणाल्या. "आन मंग लिव त्यायचं नाव. मंग नाई होत खोटं."

"काकू, टाईप केलेल्या कागदावर खाडाखोड केली तं जबाबदार मानसाची सही लागते."

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मी पेन काढले. टाईप करणाऱ्याने द चा पाय मोडून तो ग पासून वेगळा ठेवला होता, म्हणून खोडणे सोपे गेले. तिन्ही प्रतींवर ‘सद्’ खोडला, प्रत्येकाशेजारी सही केली, तारीख घातली. प्रफुलने पुढच्या रकान्यात सरांचे नाव लिहिले. शाळेत शिकवले होते तसे, शिरोरेघ सरळ.

"आन काकू, वापराचा प्रकार?"

"आंदोलित," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पायाने रेटा दिला.

मी सवयीने घड्याळ पाहिले. दहा झोके. तीस सेकंद.